काळीचं नाव

जगातल्या साऱ्या थोर प्रेमकथा एका नजरेत सुरू होतात, असं जाणकार सांगतात. वडनेर भोलजीची ही कथाही एका नजरेतच सुरू झाली. फक्त ती नजर म्हशीची होती.

म्हैस चंद्रशेखरच्या घरची, चारा सोडून बसलेली. गुरांच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टर मंजुश्री गोठ्यात शिरल्या, बाह्या सावरल्या, आणि मारकी म्हणून गाजलेल्या त्या म्हशीने मान वळवून असं काही पाहिलं, की चंद्रशेखरलाही पाहावंच लागलं. सावळी म्हणावी तर सावळेपणाच्या जरा पुढे गेलेली, डोळे हसरे... आणि हातात भलीमोठी सुई.

"धरा घट्ट," ती म्हणाली.

"हो... हो ना."

"म्हशीले धरा. माह्याकडे काऊन पाहून राह्यले?"

चंद्रशेखरच्या आईने, मनकर्णाबाईंनी, पाहुणीचं गाव विचारलं, आडनाव विचारलं. जातीचा विषय त्यांनी मुळीच काढला नाही. आडनाव ऐकल्यावर फक्त कागदी कप काढला. मंजुश्रीने कपाकडे पाहिलं, चहा प्यायली आणि "म्हैस गुणाची आहे," एवढंच बोलून निघाली.

म्हैस त्याच दिवशी बरी झाली. चंद्रशेखर मात्र तिला घेऊन दवाखान्याच्या वाऱ्या करत राहिला.

"आज काय झालं?"

"उदास वाटते जराशी."

"म्हैस?"

"...म्हैसच."

मंजुश्री म्हशीच्या पाठीआड तोंड लपवून हसायची. म्हशीला सगळं कळत होतं. पण तिला कोण विचारतो?

चंद्रशेखर गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. पौषात लग्नं नसतात, गाव मोकळं असतं, म्हणून पौषात वाचनालय 'गौरकांता' या अभिजात कादंबरीचं पारायण करतं. चौरंग, हार, उदबत्ती आणि शाल पांघरून थर्मास घेऊन बसलेलं गाव. गौरकांता इतकी गोरी, की लेखकाला दर पानावर चंद्राची माफी मागावी लागते. तिची वऱ्हाडातून नेलेली मोलकरीण इतकी काळी, की तिला नावच नाही. नुसती 'काळी'. गोरी पुण्याचं बोलते, काळी वऱ्हाडी. आणि काळीने तोंड उघडलं की हसायचं, हा रिवाज.

काळीचे संवाद चंद्रशेखर नाकात, चिरक्या आवाजात वाचायचा. त्या आवाजाची कीर्ती पार नांदुऱ्यापर्यंत गेलेली. वऱ्हाडी बोलणारं आख्खं गाव एका वऱ्हाडी बोलणाऱ्या बाईवर पोट धरून हसायचं. यात काही चुकतंय, असं कुणाला वाटलं नव्हतं; पोट दुखत असताना वाटत नाही.

पहिल्या संध्याकाळी त्याने मंजुश्रीला आग्रहाने बोलावलं आणि तिच्याकडे बघत बघत जन्मातली सर्वांत चिरकी काळी वाचली. गाव लोळलं. मंजुश्री उठून चालू लागली.

तो मागे धावला. "काऊन उठल्या? थंडी वाजली का?"

"नाही. माही माय अशीच बोलते."

ती दोन पावलं गेली आणि वळली.

"तुमची बी. घरी जाऊन आयका."

तो घरी गेला. गोठ्यात मनकर्णाबाई म्हशीला म्हणत होत्या, "सरक व माय, मले बसू दे थोडं." शब्दन् शब्द काळीचा. फक्त आवाज नाकातून येत नव्हता. 

सकाळी तो म्हशीशिवायच दवाखान्यात गेला. हातात 'गौरकांता'.

"शेवटच्या दिवशी काळी तुम्ही वाचा."

"अन् तुम्ही?"

"मी... उदबत्ती लावीन."

"नाव जाईन तुमचं."

"तिले तं नावच नाही, मॅडम."

मंजुश्रीने त्याच्याकडे पाहिलं. हातात सुई नसताना, पहिल्यांदाच.

शेवटची संध्याकाळ. गौरकांतेसाठी कालवलेलं विष काळी पिते, तो प्रसंग. वर्षातलं सगळ्यात मोठं हसू इथलं. अध्यक्ष किसनरावांनी तर मोकळेपणी हसता यावं म्हणून कवळी काढून खिशात ठेवली. मंजुश्रीने पान उलटलं आणि आपल्या रोजच्या आवाजात वाचलं —

"बाईसाहेब, तो पेला इकडे द्या. तुमाले काही झालं तं सारं पुणं रडन. मले काही झालं तं... म्हशी तेवढ्या हंबरतीन."

सवयीने दोघं-तिघं हसले. हसू अर्ध्यात अडकलं. मग उदबत्तीची राख पडली तीसुद्धा ऐकू आली. किसनरावांनी हळूच कवळी परत बसवली.

"हे तं आपल्यावानीच बोलते बे..." ते पुटपुटले.

मनकर्णाबाई उठल्या. डोळे पुसत, रागावल्यासारख्या. "तिचं नाव काय व, डॉक्टरीणबाई?"

"लिहिलंच नाही, काकू."

"मंग लिहा! काय पाहून राह्यला रे, चंदू? पंचफुला लिही. माह्या मायचं नाव हाये. ते बी काळीच होती."

चंद्रशेखरने पेन काढलं. हार घातलेल्या त्या पोथीत, अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत, 'काळी' खोडून 'पंचफुला' लिहिलं. एका पानावर, मग दुसऱ्या... आणि गावाने अशा टाळ्या वाजवल्या, की बाहेरची कुत्री उठून बसली. "पुन्हा वाचा!" किसनराव ओरडले. "पयल्यापासून वाचा! पंचफुलाचं वाचा!"

मनकर्णाबाईंनी थर्मास उघडला, स्वतःच्या झाकणात चहा ओतला आणि मंजुश्रीपुढे धरला. "घे व पोरी. कागदी कप सरले."

सरले नव्हते. पिशवीतून गठ्ठा डोकावत होता.

मंजुश्रीने झाकण दोन्ही हातांनी घेतलं. चंद्रशेखर दोन पावलं पुढे आला, अगदी जवळ. आवाज कापत होता. नाकातला मात्र नव्हता.

"मंजुश्री... म्हैस पहिल्या दिवसापासून ठणठणीत हाये. उदास मी होतो. मले जन्मभर तुह्याच तोंडून 'काऊन' आयकायचं हाये... लगन करशीन माह्यासंग?"

"पौषात असलं बोलत नाहीत!" कुणीतरी कुजबुजलं. मनकर्णाबाईंनीच त्याला गप्प केलं.

मंजुश्रीची नजर खाली झुकली. लाजली, असं गावाने ठरवलं. शाली सावरल्या गेल्या, माना पुढे आल्या...

"करीन," ती म्हणाली. "पन पहिले माह्या ओढणीवरून पाय काढ."