लसूण सोलण्याचा एक तास

त्या रविवारी आईने लसूण सोलायला घेतला होता. ती देवरुखच्या घरी, स्वयंपाकघरात. मी चंद्रावरच्या केंद्रात, धुळीच्या नमुन्यांचा अहवाल लिहीत. पृथ्वीवरचा शब्द चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर परत जायला तेवढाच. त्यामुळे आमची बोलणी एकमेकींवर आदळायची. शेवटी आम्ही बोलणं कमी केलं. दर रविवारी तासभर कॉल चालू ठेवायचा आणि आपापलं काम करायचं, असं ठरून गेलं. त्या दिवशी मी एकदाही मान वर केली नाही. तास संपल्यावर ती म्हणाली, "ठेवते गं." मी "हं" म्हटलं.

बुधवारी ती गेली. मला परत यायला तीन महिने लागले.

घरी माझ्या भावाची मुलगी शाल्मली होती, वय वर्षं दहा, आणि भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे घरकामाचा यंत्रमानव. नाव आईनेच ठेवलेलं. चहा उकळला का एवढं विचारलं तरी तो पाणी मुळात का उकळतं इथून सुरुवात करायचा. मग आई म्हणायची, "भाऊसाहेब, थोडक्यात."

रविवारचा कॉल तोच लावून द्यायचा, म्हणून त्या शेवटच्या तासाचं आईच्या बाजूचं चित्रण त्याच्याकडे होतं. मी बघत नाहीये हे आईच्या लक्षात आलं होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आणि त्याचीच भीती वाटत होती.

शाल्मलीने फाइल शोधली आणि तिचा आकार पाहिला. तिने अंगणातल्या कोंबड्यांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. तो या फाइलच्या दुप्पट मोठा होता.

"आत्या, आजीची फाइल अर्धवट साठवली गेली वाटतं. तासभराची एवढीशी कशी असेल?"

पण भाऊसाहेबाने फाइल पूर्ण असल्याचं सांगितलं आणि पडद्यावर कोंबडीचा डोळा मोठा करत नेला. डोळ्याच्या कडा तुटल्या आणि नुसते चौकोन दिसायला लागले. प्रत्येक चौकोन म्हणजे एक पिक्सेल (चित्रबिंदू). त्याच्या पोटात तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. अशा वीस लाख बिंदूंचं एक स्थिर चित्र, म्हणजे एक फ्रेम. आणि सेकंदाला अशा पंचवीस फ्रेम.

शाल्मलीने बोटांवर हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला. एवढं सगळं चंद्रावर कसं पाठवायचं?

"सगळं पाठवतच नाहीत," भाऊसाहेब म्हणाला. "आजींना फोनवर कोणी खुशाली विचारली की त्या काय सांगायच्या?"

शाल्मली आजीच्या आवाजात म्हणाली, "सगळं आहे तसंच. फक्त मांजरीला पिल्लं झालीत."

तसंच, भाऊसाहेब म्हणाला. आधी एक पूर्ण चित्र पाठवायचं, त्याला म्हणतात की-फ्रेम (आधाराचं चित्र). त्यानंतर फक्त काय बदललं ते. मागची भिंत, ओटा, फळीवरच्या बरण्या पुन्हा पुन्हा पाठवायच्या नाहीत. चुका साचत जाऊ नयेत म्हणून मध्येच कधीतरी नवं पूर्ण चित्र पाठवायचं. यालाच कॉम्प्रेशन (आकुंचन) म्हणतात. कोंबड्या सगळीकडे पळतात, म्हणून त्यांची फाइल मोठी. आजी एका जागी बसलेल्या, म्हणून लहान.

"मग नुसतं बदललेलंच दाखव ना," शाल्मली म्हणाली.

त्याने प्रत्येक चित्रातून आधीचं चित्र वजा केलं. जिथे काही बदललं नाही तिथे उत्तर शून्य, आणि शून्य म्हणजे काळा रंग. भिंत गेली, ओटा गेला, आईही गेली. काळ्या पडद्यावर खाली फक्त बोटं चमकत राहिली. एक पाकळी, दुसरी पाकळी.

मग वरच्या बाजूला चष्म्याची कड आणि कपाळ क्षणभर उजळलं आणि सगळं विझलं. बोटंसुद्धा.

"बंद पडला," मी म्हटलं.

"नाही ताई, सेकंद चालू आहेत. इथे काही बदललं नाही, म्हणून जवळजवळ काहीच साठवलेलं नाही."

त्या काळोखात फक्त अधूनमधून दोन ठिपके लुकलुकत होते. पापण्या, शाल्मलीने ओळखलं. आजी तेव्हा काय करत होती ते बघू, म्हणून तिने साधं चित्र लावायला सांगितलं.

आईच्या हातात अर्धी सोललेली पाकळी होती. ती पडद्याकडे, माझ्याकडे बघत होती. एकोणीस सेकंद. मग तिने मान खाली घातली.

असा काळोख पुढे पुन्हा आला. पुन्हा आला. किती वेळा, मी विचारलं. भाऊसाहेब मोजण्याची पद्धत समजावून सांगायला लागला.

"भाऊसाहेब, थोडक्यात."

"एकतीस वेळा."

शाल्मलीने जरा वेळाने विचारलं, "आजी रागावली होती का गं?"

मी नीट पाहिलं. शाळेत असताना मी अभ्यासाला बसले की आई दारातून अशीच बघून जायची, पावलं न वाजवता. नाही, मी म्हटलं, रागावली नव्हती.

पुढच्या वर्षी मी परत चंद्रावर जाईन तेव्हा रविवारी ती इथे बसेल, असं शाल्मलीने जाहीर केलं. बोलणार नाही, पण मटार सोलेल. लसणाने बोटांना वास येतो. मीही मध्येमध्ये मान वर करायचं कबूल केलं.

मग मी भाऊसाहेबाला ते चित्र तसंच थांबवायला सांगितलं. अर्धी पाकळी, चष्मा, तिची नजर.

"आई," मी म्हटलं, "तू समोर बसलेली असायचीस ना, म्हणून मला मान खाली घालून काम करता यायचं."