निर्दोष रक्त

निदानक यंत्राच्या काचेवर तिसऱ्यांदा तीच ओळ उमटली : 'नमुना नाकारला. हे रक्त या बाळाचे नाही.'

डॉ. मृण्मयी नैताम खुर्ची मागे ढकलून उठली.

"या बाळाचं नाही म्हणजे? मी स्वतः काढलंय!"

निदानकाला ओरडून काही उपयोग नव्हता, हे तिला ठाऊक होतं. वैनगंगेकाठच्या त्या रक्तविकार केंद्रात हे यंत्र सांगेल तेच निदान आणि त्यानेच मंजूर केलेले उपचार, असा नियम होता. नऊ महिन्यांची रुंजी बाहेर आईच्या मांडीवर कण्हत होती. तिच्या हातापायांची बोटं सुजून टरारली होती आणि डोळ्यांत पिवळी झाक होती. मृण्मयी बाहेर आली.

"आता पुन्हा सुई टोचाल का मॅडम?" रुंजीच्या आईने, हेमलता उसेंडीने विचारलं. आवाज थकलेला होता, पण नजर नव्हे. "गावच्या दवाखान्यात गेलो तर म्हणे दात येत आहेत. मग म्हणे किडा चावला. मग म्हणे दूध सोसत नाही. मी दरवेळी सांगितलं, हिचं रक्त तपासा. तर यंत्र म्हणते, आईबापाचं रक्त निर्दोष आहे, गरज नाही. अजी, पोरगी माझी रडते, यंत्राची नाही!"

सकाळीच मृण्मयीने अडगळीतला जुना सूक्ष्मदर्शक पुसून रक्ताचा थेंब त्याखाली धरला होता. गोल तांबड्या पेशींच्या गर्दीत कोयत्याच्या पात्यासारख्या वाकड्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. सिकलसेल. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून ती सूज आणि त्या वेदना. तिने सलाईन आणि वेदनाशामक सुरू केलं होतं. पण आजार मुळातून बरा करणारी जनुकदुरुस्ती निदानकाच्या मंजुरीशिवाय होणार नव्हती.

तिने डॉ. विश्राम खानोरकरांना बोलावून घेतलं. या भागात जनुकदुरुस्ती आणणारे तेच. आता निवृत्त होते, तरी तासाभरात आले.

"यंत्र चुकीचं बोलत नाही," ते म्हणाले. "या आजारासाठी सदोष जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असं दोन्हीकडून यावं लागतं. इथे दोघांकडेही ते नाही. मग मूल त्यांचं नाही किंवा नमुना बदललाय. गणित सरळ आहे."

"म्हणूनच मी तिघांच्याही रक्तातून संपूर्ण जनुकपट काढला, सर. निदानकाला न विचारता." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "रुंजी त्यांचीच मुलगी आहे. सगळं जुळतं. फक्त एका जागी जुळत नाही, तेही दोघांशीही."

"आपोआप झालेला बदल असेल."

"एका बाजूने झाला असता तर मानलं असतं. आईकडून आणि बापाकडून, एकाच वेळी, जनुकाच्या नेमक्या त्याच अक्षरात?"

खानोरकर पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"बदल मुलीत झालेला नाही," ते हळूच म्हणाले. "ते अक्षर आईबापांचं बदललंय. आम्ही बदललंय."

"म्हणजे या दोघांना लहानपणी..."

"जनुकदुरुस्ती झाली असणार. हाडांच्या मगजातल्या मूळपेशी काढायच्या, दुरुस्त करायच्या आणि परत सोडायच्या. पुढे आयुष्यभर रक्त तयार होतं ते त्या दुरुस्त पेशींतूनच. ते निर्दोषच असतं. पण स्त्रीबीजं आणि पुरुषबीजं मगजात तयार होत नाहीत. त्यांना आम्ही हात लावलेला नाही. तिथे आजार आहे तसाच आहे."

"मग त्यांच्या नोंदीत हे का नाही?"

"विस्मरण कायदा." खानोरकरांचा आवाज पडला. "बऱ्या झालेल्या मुलींनाही लोक सून म्हणून घेत नव्हते. म्हणून सरकारला आम्हीच सांगितलं, बरं झालेल्याच्या आजाराची नोंद पुसून टाका. संततीचा धोका लिहिला होता मी अहवालात. पण त्यांना सांगायचं कुणी, हे ठरलंच नाही. नोंदी मात्र पुसल्या गेल्या."

मृण्मयीने हेमलताच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, दिलेशच्या, डोक्याचे केस मुळासकट उपटून तपासले. केसाच्या मुळातल्या पेशी मगजातून येत नाहीत. दोघांच्याही मुळांत तो आजार पुरा होता, जनुकाच्या दोन्ही प्रतींत.

हेमलताने ते ऐकलं आणि ती शेजारी बसलेल्या आपल्या आईकडे, कौसल्याबाईंकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"तू दोन वर्षांची होतीस," कौसल्याबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "हातपाय असेच सुजत. बरी झालीस तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता विसरून जा. कोणाले सांगू नका, पोरीलेही नाही. सांगणं गुन्हा आहे म्हणे."

"आणि हिचे हात पाहिलेस तेव्हा? तेव्हाही गुन्हाच आठवला?"

"मले वाटलं, तू बरी झालीस म्हणजे ते संपलं."

हेमलताने तोंड फिरवलं. मग दिलेशने घसा साफ करून विचारलं, "पुढचं मूल झालं तर?"

"दोघांच्याही बीजांत निर्दोष प्रत नाहीच," मृण्मयी म्हणाली. "प्रत्येक मुलाला हा आजार होणारच. पण रुंजीला बरं करता येईल. कागद मी सांभाळते."

निदानकाचा निर्णय फिरवण्याचा अधिकार निवृत्तीनंतरही खानोरकरांकडे होता; त्यांनी स्वतःच्या सहीने तो रद्द करून घेतला. त्यात दुपार गेली. यंत्राने प्रत्येक टप्प्यावर त्यांना विचारलं, आपण नक्की खात्री केली आहे ना?

संध्याकाळी रुंजी औषधाने झोपली, तेव्हा मृण्मयी म्हणाली, "सर, लहानपणी दुरुस्ती झालेल्या त्या पिढीतल्या सगळ्यांना कळवावं लागेल. त्यांची लग्नं होताहेत, मुलं होताहेत. आणि रक्त निर्दोष म्हणून त्या मुलांची तपासणीच होत नाही."

"कळवणार कुणाला? नावं उरलेली नाहीत."

"मग निर्दोष रक्ताच्या सगळ्यांनाच विचारायचं. या जिल्ह्यात पंचविशी ते पस्तिशीत असलेल्या प्रत्येकाचे केस तपासायचे."

"प्रत्येकाचे," खानोरकर म्हणाले आणि तिच्याकडे बघत राहिले. ती नजर तिला कळायला थोडा वेळ लागला. मृण्मयी एकतीस वर्षांची होती. तिचं गाव याच जिल्ह्यात, इथून दोन नद्यांपलीकडे होतं.

"तुम्हाला आठवते मी?" तिने विचारलं.

"हजारो मुलं होती ती. नाही आठवत. खरंच नाही."

ती व्हरांड्यात गेली आणि तिने घरी फोन लावला. आईने नेहमीसारखं विचारलं, जेवलीस का?

"आई, लहानपणी माझे हातपाय सुजायचे का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"तुला कोणी सांगितलं?" आईने विचारलं.