स्थानिक पालक

वाऱ्याने एक कागद उडवला आणि तो थेट गहिनीनाथच्या टाइपरायटरवर येऊन पडला. बी.ए.ची गुणपत्रिका होती. मागोमाग एक मुलगी धावत आली. धुळीने डोळे बारीक झालेले, एका हाताने पदर सावरत…

"माझी आहे ती!"

"पहिला वर्ग…" गहिनीनाथच्या तोंडून निघून गेलं.

"लोकांचे मार्क वाचत बसता होय?"

"टायपिस्ट आहे… समोर येईल ते वाचायची सवय." तो कानापर्यंत लाल झाला.

"वाचलेच आहेत, तर चार नकला काढून द्या."

बाहत्तर सालचा जून. ढगाचा पत्ता नव्हता. कोपरगावच्या कोर्टासमोर, कडुलिंबाखाली गहिनीनाथचं टेबल असे. ती पुणतांब्याची विजयमाला. वकिली शिकायची म्हणून तिने दोन अर्ज केले होते, एक पुण्याला आणि एक नगरच्या नव्या लॉ कॉलेजला. नगरच्या त्याच कॉलेजात गहिनीनाथचा प्रवेश आधीच झाला होता. सकाळी वर्ग, दुपारी एका वकिलांकडे टायपिंग, असं ठरलं होतं. पण हे त्याने तिला सांगितलं ते ती आणखी चार नकलांसाठी दुसऱ्यांदा आली तेव्हा, आणि तेही टाइपरायटरच्या रिबिनीकडे बघत.

तिसऱ्यांदा ती आली. "नकला संपल्या."

"अर्ज दोनच ना? मग आठ नकला गेल्या कुठे?"

"अगं बाई! नगरला प्रवेशाआधीच उलटतपासणी शिकवतात वाटतं!"

ती स्टुलावर बसून राहायची. कोर्टात सगळ्यात वेगाने टाइप करणारा गहिनीनाथ त्या दिवसांत एकेक अक्षर शोधून दाबायचा.

मग एका बाजाराच्या दिवशी ती वडिलांना, श्रीमंतरावांना, घेऊन आली. दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. मात्र पुण्याच्या मुलींच्या वसतिगृहाला स्थानिक पालक हवा होता. त्याशिवाय खोली नाही.

"पुन्यात आपलं कोन हाय?" श्रीमंतराव म्हणाले. "नगरला मामा हाय. नगरच बरं." आणि ते तंबाखू आणायला गेले.

"चला, मिटलं," विजयमाला म्हणाली. "आता तुमच्या पुढच्या बाकावर बसेन. वही विसरले की तुमची घेईन." ती हसली, पण हसू लवकर संपलं.

"पुण्याचं कॉलेज… पाहिलंत तुम्ही?"

"अर्ज द्यायला गेले होते तेव्हा. एका खोलीत लुटुपुटूचं कोर्ट चाललं होतं. माझ्याच वयाची मुलगी उभी राहून वाद घालत होती. आणि कुणी हसत नव्हतं, गहिनीनाथ… सगळे ऐकत होते."

त्याचं नाव तिने पहिल्यांदाच घेतलं होतं.

गहिनीनाथने टाइपरायटरवर झाकण घातलं. पुन्हा काढलं. गप्प राहिलं तर तीन वर्षं ती रोज समोर दिसणार होती. फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते तर त्याला छानच जमत असे.

"माझी आत्या आहे पुण्यात," तो म्हणाला. "खडकीला. मनकर्णाबाई. ती होईल पालक."

"हे आत्ता सांगताय?"

"सांगणार नव्हतो."

"का?"

"त्या… पुढच्या बाकासाठी."

तिने मान खाली घातली. पिशवीतून फॉर्म काढला, नाव लिहिलं, पत्ता विचारून लिहिला आणि थांबली.

"पालकाशी नातं… इथे काय लिहू?"

"ओळखीच्या म्हणून—"

"रकाना नात्याचा आहे. आणि खोटं सांगू नका, वकील व्हायचंय मला." तिने हाताच्या आडोशाने एक शब्द लिहिला आणि फॉर्म त्याच्याकडे फिरवला.

आतेसासू.

"हे… अजून तर…"

"अजून नाही. पण मी तिथे तीन वर्षं राहणार आहे."

तेवढ्यात श्रीमंतराव आले. सही त्यांचीच लागणार होती. त्यांनी फॉर्म डोळ्यांपासून लांब धरला आणि बोट ठेवून वाचला. "आ…ते…सासू?"

आतून कोर्टाचा शिपाई कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता. श्रीमंतरावांनी गहिनीनाथला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आत्या तुमची?"

"व्हय… हो."

"आन् तुमी?"

"नगरला. वकिलीच शिकणार."

"सासू पुन्यात, जावई नगरात. झ्याक हाय." त्यांनी तंबाखूची पुडी खिशात घातली. "आयका. तीन वर्सं आत्याकडं फिरकायचं न्हाई. दिवाळीला बी न्हाई. कबूल?"

"कबूल."

"आणि मी पत्र लिहिलं तर, आबा?" विजयमाला हळूच म्हणाली.

श्रीमंतरावांनी पेन मागितलं. "तू वकील हुनार. तुज्यासंगं कोन वाद घालील?"

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. शाई वाळेपर्यंत तिघंही कागदाकडे बघत उभे राहिले.