बंबाच्या वाटेत

घंटा वाजली तेव्हा मी जमिनीवर उकिडवी बसून बंब बाहेर निघतो त्या दारापासून भिंतीपर्यंतचं माप घेत होते. जुन्या अग्निशमन केंद्रातली ती घंटा काळजावर घण पडावा तशी वाजते. धडाधड पावलं आली, इंजिन गुरगुरलं, आणि मी… मी जागच्या जागी थिजले. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पिशवीचा पट्टा धरून मला भिंतीकडे खेचलं.

"बसायला हीच जागा सापडली?" एवढंच म्हणून तो बंबावर चढला आणि गेलासुद्धा.

परत आल्यावर चेहऱ्यावरची काजळी पुसत तो मला शोधत आला.

"टेपवाल्या बाई, लागलं नाही ना?"

"नाही. फक्त घाबरले."

"चांगलं झालं. घाबरणारी माणसं बंबाखाली येत नाहीत."

"मी तर येणारच होते!"

"मग अजून थोडं घाबरायला शिका."

तो हसला. काळ्या चेहऱ्यात दात तेवढे चमकले. मी उगाच टेप गुंडाळत बसले… टेप कधीचीच गुंडाळून झाली होती.

आमच्या चमूकडे नव्या केंद्राचा आराखडा काढायचं काम होतं. चमूच्या प्रमुख ताई भारी हट्टी. ऑफिसात बसून एकही रेघ मारायची नाही, हा त्यांचा दंडक. "त्या इमारतीत जे झोपणार, धावणार, त्यांनी आधी खोल्या मांडायच्या. आपण मग." म्हणून दर आठवड्याला जवानांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही पुठ्ठ्याच्या खोल्या पसरायचो, आणि चालक, जवान, फोनवर बसणाऱ्या मावशी, आमचे इंजिनिअर काका, सगळे त्या इकडून तिकडे सरकवत हमरीतुमरीवर यायचे. तो नेमका माझ्यासमोर बसायचा. शिडीवर सरसर चढतो म्हणून त्याला सगळे 'खार' म्हणत.

"बूट आणि कोट पलंगाशेजारीच हवेत," एकदा त्यानं ठणकावलं. "उठलं की पाय थेट बुटात."

"अजिबात नाही. धूर खाल्लेले कपडे झोपायच्या खोलीत नकोत."

"उशीर होईल."

"नाही होणार. खोलीचं दारच मी बंबाच्या बाजूला उघडते. मला तुमची फुफ्फुसं धड हवी आहेत!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे… सगळ्यांचीच," मी पुटपुटले.

मावशींना ठसका लागला. काका पुठ्ठ्याचं छप्पर चाचपत म्हणाले, "छप्पर शाबूत आहे. बाकी कुणाचं काय हललं ते मला माहीत नाही."

तो मात्र हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, आणि त्यानं मुकाट्यानं बुटांची खोली लांब सरकवली.

त्यानंतर मी भित्री झाले. रस्त्यात सायरन ऐकला की हातातलं काम थांबायचं. हा त्यात असेल का? कुठे निघाला असेल?

आणि एका दुपारी बैठक रंगात आली असतानाच घंटा झाली. तो उठला, अर्धा चहा तसाच ठेवून. "जिना कुठे ठेवायचा ते मी आल्याशिवाय ठरवू नका—" म्हणत पळाला.

कापडाचं गोदाम पेटलं होतं. थोड्या वेळानं मावशींच्या वायरलेसवर आवाज आला… छताचा एक भाग खाली आलाय. मावशी त्याच्या तुकडीला हाक मारत राहिल्या. उत्तर नाही. पुन्हा हाक. नुसती खरखर.

मी दारात उभी होते. नकळत नाक ओढलं गेलं.

"रडायचं तर बाहेर जा, बाळा," मावशी मागे न बघता म्हणाल्या. "मला ऐकू यायला हवं."

बाहेर फाटकापाशी उन्हात एक बाई उभ्या होत्या. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. मी खुर्ची नेऊन दिली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच ना ती? फुफ्फुसंवाली?"

त्या भीतीतही माझे कान तापले. म्हणजे त्यानं आईला सांगितलं होतं!

"काकू, तुम्ही आत चला ना."

"आत कुठे? त्याचे बाबा बंबावर होते तेव्हापासून मी इथेच उभी राहते. आत ये, असं कुणी म्हटलंच नाही कधी."

आम्ही इतक्या जणांना टेबलाशी बसवलं होतं, पण यांना बोलवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही. मी दुसरी खुर्ची आणली नाही; त्यांच्या पायाशीच बसले. बराच वेळ दोघी रस्त्याकडे बघत होतो.

मग खिडकीतून मावशींचा आवाज फुटला. "सगळे बाहेर आलेत! सगळे!"

तो परतला तो खोकत, डाव्या हाताला पट्टी बांधून. आईला भेटून माझ्याकडे आला. मी त्याला बोलूच दिलं नाही.

"मला नाही जमणार हे," म्हणाले, आणि चक्क पळून गेले.

पुढच्या बैठकीला मी ताईंमागे लपतछपत गेले. पण काकूंना बोलवायला हवं, हे मीच ताईंना सांगितलं होतं. काकू टेबलाशी बसल्या, संकोचत. मग त्यांनी एक छोटी पुठ्ठ्याची खोली उचलली आणि मावशींच्या खोलीला चिकटवून ठेवली. "ही वाट बघणाऱ्यांची. मधे काच ठेवा. ऐकू नाही आलं तरी चालेल. फोनवालीचा चेहरा दिसला की कळतं आम्हाला." कुणी हरकत घेतली नाही. खोली तिथेच राहिली.

मी ओसरीवर आले. मागोमाग तोही.

"मी नको आहे… की भीती नको आहे?"

"भीती," मी म्हणाले. "रोज, प्रत्येक वेळी मरायचं का मी?"

तो कठड्याला टेकला. "त्या दिवशी छत कडकडलं ना, तेव्हा मी मागे सरलो. पूर्वी सरलो नसतो, एक पाऊल पुढेच टाकलं असतं. या वेळी भीती वाटली. परत यायचं होतं म्हणून." जरा थांबून तो म्हणाला, "तुझ्याकडे."

पहिल्यांदाच 'तुझ्याकडे' म्हणाला.

"माझी भीती जाणार नाही हं," मी म्हटलं.

"माझीही नको जायला."

"आणि परत आलास की आधी मला सांगायचं."

"आई सोलून काढेल मला!"

"मग दोघींना एकदम सांग."

"म्हणजे… हो?"

मी त्याचा बरा असलेला हात धरला. दोघांपैकी कुणीच तो सोडवून घेतला नाही.