बागेवरचे ढग

मधुकररावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नवव्या दिवशी सकाळी त्यांनी घरातला चोर पकडला. निदान त्यांचा तसा समज होता.

"हे माझं चित्र नाही," काळ्या चष्म्याआडून त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "अस्सल काढून नक्कल लावलीय."

शरयू पांढरीपांडे वर्ध्यात खासगी तपासाची कामं करायची. लग्नाआधीच्या चौकशा जास्त, चोऱ्या कमी. मधुकररावांच्या निरोपावरून ती आली होती, सोबतीला बंडोपंत. तहसील कचेरीतून निवृत्त, जवळ स्वतःची गाडी, आणि स्वतःच्या अंदाजावर अपार विश्वास.

चित्र वहीएवढं. नागपूरच्या एका बागेचं. बाक, कारंजं, दोन झाडं आणि वर कोरं आभाळ. खाली पेन्सिलीनं ४/१५.

"एकाहत्तर साल," मधुकरराव म्हणाले. उभी हयात शाळेत चित्रकला शिकवलेली. वर्गातला आवाज अजून शाबूत होता. "आमच्या सरांनी जस्ताच्या पत्र्यावर कोरलं, पंधरा प्रती काढल्या आणि पत्रा मोडीत टाकला. छपाईच्या यंत्राचं चाक तीन दिवस मी फिरवलं. शेवटी फ्रेम करून ही चौथी प्रत हातात ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. शाबासकी सरांच्या स्वभावातच नव्हती."

"नक्कल कशावरून म्हणता?"

"पत्र्याच्या दाबानं अस्सल ठशाचा कागद चारी कडांनी दबलेला असतो. हा बघा, पोळपाटासारखा सपाट."

"संशय कुणावर?"

"संशय कसला? काच रोज तानाबाई पुसते. बावीस वर्षं. सकाळीच हाकललं तिला. संध्याकाळपर्यंत चित्र आलं नाही, तर पोलिसांत देणार."

बंडोपंत रुमालानं मान पुसत होते. वर्ध्यातली मे महिन्याची दुपार, चित्राशेजारच्या खिडकीत भला मोठा कूलर, आणि तो बंद.

इतक्यात सून आली. इला, शाळेत शिक्षिका. हातात पुठ्ठ्याची चपटी फाइल होती. "मुलांचे तक्ते," म्हणत तिनं ती कपाटावर ठेवली. तानाबाईचं कळलं तशी खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"हाकललंत? अहो बाबा, त्या..."

"मध्ये पडू नकोस. डोळ्याला ताण येतो माझ्या."

इला खिडकीकडे वळली.

"कूलर?" बंडोपंतांनी आशेनं विचारलं.

"पंप बिघडलाय," ती म्हणाली.

शरयूनं जाता जाता बटण दाबलं. वाळ्याच्या जाळीवरून पाणी झुळझुळ उतरलं. तिनं बटण पुन्हा बंद केलं.

"राहू द्यायचं होतंत," बंडोपंत जिन्यात कुरकुरले. "आणि चोर म्हणाल तर मोलकरीणच."

तानाबाई बसस्थानकावर सापडली. सेलूला लेकीकडे निघाली होती, पिशवी मांडीवर.

"मी काऊन नेईन मा चित्र? खिळा ठोकाले भिंत तं पाह्यजे. माह्या घराले टिनं हायेत."

"तुम्हाला त्या चित्रात कधी काही वेगळं दिसलं?"

"दिसलं ना. रामनवमीच्या मांगंपुढं बागीवर ढग आलते."

बंडोपंत हसले.

"हासा तुमी. काळे काळे ढग. मी म्हनलं, इलाताई, पाहा वं, चित्रात पानी येऊन राह्यलं. मंग आठ दिवसांत आभाळ साफ."

शरयूनं तिची पिशवी उचलली. "बस जाऊ द्या. आमच्या गाडीत बसा."

"मग चोर कैलास," गाडी सुरू करता करता बंडोपंतांनी निकाल बदलला. कैलासचं बाजारात फ्रेमचं दुकान होतं, मधुकररावांकडची कामंही तोच करायचा. "याच्याकडे शौकीन गिऱ्हाइकं येतात."

"मधुकररावांच्या बागेच्या चित्राबद्दल विचारायचं होतं," शरयू दुकानात म्हणाली.

"काऊन, पुन्हा ओल धरली का त्यानं?" कैलासनं विचारलं. मग मागे उभी तानाबाई पाहून तो एकदम काच कापायला लागला. "मी काई सांगनार नाई. कोनाले तरी शब्द देल्ला हाय."

"नका सांगू. सांगून झालंय तुमचं."

ते परतले तेव्हा इला पायात चपला घालत होती. तानाबाई उंबऱ्यातच थांबली. मधुकररावांनी तोंड फिरवलं.

"चोरी झालेलीच नाही," शरयू म्हणाली. "चित्र आजारी पडलं होतं. कूलर त्या खिडकीत कुणी बसवायला लावला?"

"मीच. आरामखुर्चीवर झोत यावा म्हणून."

"त्याच्या ओलीनं कागदाला बुरशी आली. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू, तुम्हाला दिसली नाही. तानाबाईंना ती ढगांसारखी दिसली. सरांनी आभाळ कोरं ठेवलं होतं, मग ढग आले कुठून? त्यांनी इलाताईंना सांगितलं. कैलासनं फ्रेम उघडली. मी चित्राचं नाव घेताच त्यानं ओलीचं विचारलं. पंप धड आहे, पण भिंत वाळायला हवी म्हणून कूलर बंद. भिंतीवर आहे ती बुरशीआधीच्या एखाद्या फोटोवरून काढलेली प्रत."

"आणि अस्सल?"

"मे महिन्यात शाळेला सुट्टी असते. तक्ते कुठल्या मुलांचे?"

इलानं फाइल खाली काढली.

"नागपूरला एक बाई जुने कागद दुरुस्त करतात. वाचेल की नाही, त्यांनाही सांगता येईना. त्यात तुमचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, महिनाभर मनस्ताप नको, डोळ्यात पाणी नको. आज चित्र मिळालं, गुपचूप बदलणार होते. पण तानाबाई गेल्यावर कसलं गुपचूप? त्यांना आणायलाच निघाले होते." ती थांबली. "बाबा, फ्रेम उघडली तेव्हा हे दिसलं."

तिनं चित्र उलटं केलं. पन्नासहून अधिक वर्षं भिंतीकडे तोंड करून राहिलेली पेन्सिलीची ओळ होती: कोरलं मी, उमटवलं मधुकरनं. चित्र दोघांचं.

मधुकररावांनी ती दोनदा वाचली. मग काळा चष्मा काढला.

"तानाबाई, चुकलो मी," ते म्हणाले. "तुम्हाला ते ढग दिसले नसते, तर हे मला कधीच दिसलं नसतं."

बावीस वर्षांत त्यांनी तिला 'तुम्ही' म्हटलेलं तिनं प्रथमच ऐकलं. तिनं पदराचं टोक त्यांच्यापुढे धरलं. "डोये पुसा आधी. डाक्टरनं पानी नाई म्हनलं ना."

बंडोपंतांनी आता कुणालाही न विचारता कूलर लावला. चित्र समोरच्या कोरड्या भिंतीवर गेलं. खिळा कुठं ठोकायचा, ते तानाबाईनं दाखवलं.