शेवटची ओळ रसिकांची

मार्गशीर्षातील ती सायंकाळ होती आणि आभाळ सकाळपासून रुसून बसले होते. ऐन थंडीत येणाऱ्या अवकाळी पावसाला माळव्यात मावठा म्हणतात. तो कधी कोसळत नाही. एखाद्या संकोची पाहुण्यासारखा उंबऱ्यावरच रेंगाळतो. इंदूरच्या राजवाड्यासमोरून स्नेहलतागंजकडे निघालेल्या ई-रिक्षात मधुरिमा चढली, तेव्हा तिच्या केसांवर त्याचे कण मोत्यांसारखे अडकले होते.

"भिया, जरा सरकता का?"

कोपऱ्यातील तरुण अंग चोरून सरकला. त्याच्या मांडीवरील मोबाइलमधून मंद स्वरांत एक गीत चालले होते. त्याचे पहिलेच शब्द कानी पडले आणि मधुरिमाने चमकून पाहिले. या जगात ते गीत केवळ आपल्या घरातल्या लोखंडी पेटीत बंद आहे, असे ती आजवर समजत आली होती.

"आवाज कमी करू का, मॅडम? त्रास होत असेल तर—"

"कमी नको. थोडा वाढवा."

तरुणाने चकित होऊन तिच्याकडे पाहिले. "कमाल आहे! नाहीतर लोक म्हणतात, भिया, हे काय बाबा आदमच्या जमान्याचं लावलंय!"

"कुठून मिळालं तुम्हाला? नेटवर तर कुठेच नाही हे."

"आईची कॅसेट आहे. मीच उतरवून घेतलं. शततारका वाद्यवृंद! तुमचा तेव्हा जन्मही झाला नसेल."

"आणि तुमचा झाला होता वाटतं?"

तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक चुण्या पडत होत्या. "झाला नव्हता, पण ऐका ना… हे बाबूराव गातायत ना, काय माणूस असेल! आता कुठे असतील, कोण जाणे… मतलब, असतील की—"

"आहेत," मधुरिमा घाईघाईने म्हणाली. "आज सकाळीच पोह्यांवर जिरावन मसाला कमी पडला म्हणून माझ्याशी भांडत होते."

मोबाइल त्याच्या हातून निसटता निसटता राहिला. तो सावरेपर्यंत रिक्षा एका चौकात थांबून पुढे निघालीही.

"तुम्हाला कुठे उतरायचंय?" तिने विचारले.

"मागे… गेलं ते."

"मग उतरा की!"

"आता उतरून काय फायदा?" तो गंभीरपणे म्हणाला. "पुढे जिथे बाबूराव राहतात, तिथेच उतरतो."

त्याचे नाव संबोधी. घर महूचे, आजोबा, पणजोबा फौजेत होते. भंवरकुआं भागात त्याची ध्वनिमुद्रणाची एक इवलीशी खोली होती. मधुरिमा एका शाळेत चित्रकला शिकवीत असे. होळकर दरबारात कधीकाळी मानाची चाकरी केलेल्या कुळात ती जन्मली होती आणि आता स्नेहलतागंजमधील दोन खोल्यांच्या सदनिकेत आजोबांसह राहत होती. त्या आजोबांनाच, म्हणजे बाबूरावांना, ती आबा म्हणे.

एके काळी गणेशोत्सवात शततारकेचे गायन असले की इंदूरचा मराठी समाज संध्याकाळची कामे आवरून लवकर जागा धरीत असे. पुढे सहकारी एकेक करून परलोकवासी झाले आणि त्यांचे स्वर ध्वनिफितींवर निद्रिस्त झाले. आता मुंबईच्या एका कंपनीने त्या साऱ्या गीतांवर कायमचा हक्क मागितला होता. मूळ स्वर पुसून, त्या चालींवर लग्नांत नाचण्याजोगी धडधडती गाणी बनवावीत, असा तिचा बेत होता.

"पेटीत मरण्यापेक्षा कुणाच्या वरातीत नाचलेली बरी," आबा म्हणाले. त्यांचा स्वर शांत होता. पण तो शांत ठेवण्यासाठी त्यांना किती कष्ट पडत होते, हे नातीला ठाऊक होते.

संबोधी सतरंजीवर मांडी घालून बसला होता. "बाबूरावजी, रसिकांनाच देऊ या ना! डाउनलोड करून घेतील, विकत."

"जी वस्तू हातात धरता येत नाही, ती विकत कोण घेईल? जगाला फुकट ऐकायची सवय लागली आहे, बाळ."

"फुकट ऐकलेलं उधारीचं असतं. आज आहे; उद्या कंपनीने काढून टाकलं की गायब! डाउनलोड केलेलं आपल्या घरी राहतं. माझी आई ती कॅसेट जिवापाड जपते. तशी माणसं अजून आहेत."

आबांनी डोळे मिटले. गाताना षड्ज लावण्यापूर्वी ते असेच डोळे मिटत असत. "ठीक. संक्रांतीपर्यंत थांबतो. रसिक आले, तर गाणी घरात राहतील. नाही आले, तर त्या कंपनीला होकार देईन. मग मात्र कुणी रडायचं नाही." अखेरचे वाक्य त्यांनी मधुरिमाकडे पाहून उच्चारले.

काम सुरू झाले. पेटीतल्या जुन्या ध्वनिफिती संबोधीच्या खोलीत गेल्या. शाळा सुटली की मधुरिमा मुखपृष्ठाची चित्रे घेऊन भंवरकुआंला जाई. संबोधीचा मूळ व्यवसाय शिकवणी-वर्गांची व्याख्याने ध्वनिमुद्रित करण्याचा. वर्गातला खोकला, बाकांची करकर, मागच्या रांगेतली कुजबुज हे सारे गाळून केवळ सरांचा आवाज निर्मळ ठेवण्यात त्याचा हातखंडा होता.

"तुमच्या आबांचा आवाज असा धुऊन काढतो बघा, की लोक म्हणतील, कालच गायले!" तो अभिमानाने सांगे.

एके दिवशी तो नव्या माइकची परीक्षा घेत होता. मधुरिमा शेजारी चित्र रंगवीत होती.

"हलू नका," तो कुजबुजला.

"का हो?"

"तुमची खुर्ची वाजते. माइक सगळं पकडतो."

"मग आधी तुमच्या छातीतली धडधड बंद करा. इथपर्यंत ऐकू येतेय."

तो कानांपर्यंत लाल झाला. मधुरिमाने कुंचला पाण्यात बुडवला आणि पाण्याकडेच पाहत राहिली. बोलण्याच्या ओघात आपण हे काय बोलून गेलो… खोलीत बराच वेळ कोणीही हलले नाही.

पौष लागला आणि गीते संकेतस्थळावर प्रकाशित झाली. प्रत्येक गीताचा प्रारंभ कुणालाही ऐकता यावा आणि आवडले तर पूर्ण गीत विकत घ्यावे, अशी योजना होती. ही वार्ता मराठी मंडळींत वाऱ्यासारखी पसरली. 'अप्रतिम', 'बालपण आठवलं', 'बाबूरावांना दंडवत' असे अभिप्राय आले. जोडलेले हात आले, फुले आली. ग्राहक मात्र आला नाही.

दिवस उलटू लागले. आबा काही विचारीत नव्हते आणि त्यांचे ते न विचारणेच मधुरिमाला अधिक बोचत होते. एका दुपारी कंपनीच्या माणसाचा दूरध्वनी आला. "हो, हो… संक्रांतीला कळवतो," असे आबा नम्रपणे म्हणाले, तेव्हा तिला तिथे उभे राहवेना.

"तुम्ही तर म्हणाला होता, तशी माणसं आहेत!" भंवरकुआंच्या जिन्यातच तिने संबोधीला गाठले. "कुठे आहेत? वाह-वाह करायला सगळे, घ्यायला कुणी नाही!"

"मी माझ्याकडून काही कमी ठेवलं का, मधुरिमाजी? एक खरखर शिल्लक नाही त्यात!"

"त्यांना आशाच दाखवली नसती, तर बरं झालं असतं!"

शब्द सुटून गेले. संबोधीने मान खाली घातली. ती उतरून रस्त्यावर आली, तेव्हा मावठ्याची भुरभुर पुन्हा सुरू झाली होती आणि गालांवरचे पाणी कुठले, हे सांगणे कठीण होते.

घरी जाण्याचे धैर्य होईना, म्हणून ती प्रमोदिनीबाईंकडे गेली. शततारकेचा एकही कार्यक्रम न चुकवणाऱ्या या वृद्धा आबांच्या जुन्या परिचयाच्या होत्या. त्यांनी तिला शाल पांघरली, पुढ्यात वाफाळता चहा ठेवला. तेव्हा मधुरिमाने सरळच विचारले, "मावशी, खरं सांगा, तुम्ही का नाही घेतलं?"

प्रमोदिनीबाई अवघडल्या. "रागावू नको हं. ऐकलं मी. बाबूरावांचा आवाज तर क्या बात है! पण बेटा, आम्ही कुठे गेलो?"

"तुम्ही?"

"तुला माहीत नाही? ध्रुवपदाची शेवटची ओळ बाबूराव कधी गातच नसत. हात असा पुढे करून थांबायचे आणि ती आम्ही गायची. सगळा मंडप! आमच्या ह्यांना कधी धीर नसायचा. सगळ्यांच्या आधी, एकटेच सुरू करायचे, तेही बेसूर! मग लोक हसायचे, बाबूरावही हसायचे. ते सगळं आहे कॅसेटवर… होतं. आता टेप अडकते." त्या क्षणभर थांबल्या. "फोटो भिंतभर आहेत गं ह्यांचे. पण आवाज तेवढाच आहे. तुमच्या गाण्यात ती ओळ अशी लांबून, विहिरीतून आल्यासारखी येते. मग मी काय विकत घेऊ?"

मधुरिमाला आता सारे कळले. मंडपातील शेकडो कंठ, कुणाची टाळी, कुणाची चुकलेली सुरुवात, हे सारे संबोधीने मागच्या रांगेची कुजबुज समजून मोठ्या निष्ठेने गाळून टाकले होते! आणि तिने स्वतःही, आबांचा आवाज किती निर्मळ झाला म्हणून, कौतुकाने मान डोलावली होती.

चहा तसाच टाकून ती निघाली. वाटेत एकच भीती तिचे काळीज कुरतडत होती. फिती इतक्या जीर्ण होत्या, की यंत्रावर एकदा फिरल्या आणि झिजल्या. जे गाळले, ते कायमचे गेले असेल तर?

संबोधी दिवा न लावता बसला होता. तिने धापा टाकीत सारे सांगितले. तो ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा पालटत गेला.

"आईला ऐकवलं होतं मी," तो हळूच म्हणाला. "छान आहे म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, भाजी करपत असेल… कसा गाढव आहे मी!"

"ते नंतर ठरवू. आधी सांगा… गेलं का सगळं?"

"काय?"

"माणसं! ती सगळी माणसं!"

"नाही, नाही!" तो ताडकन उठला. "पहिल्या प्रतीला मी कधीच हात लावत नाही. जशीच्या तशी ठेवलीय. खोकल्यासकट!"

मधुरिमाने जवळची खुर्ची धरली आणि ती मटकन बसली. जीव भांड्यात पडणे म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी उमगले. मग तिला हसू आले आणि हसता हसता रडूही.

"मघाशी मी फार बोलले…"

"बोललात ना? मग आता शिक्षा म्हणून बसा इथेच. एकेक टाळी ओळखून परत आणायचीय."

संक्रांत दाराशी आली असता गीते पुन्हा प्रकाशित झाली. या वेळी हसण्यासह, टाळ्यांसह, एक अधीर बेसूर कंठ सर्वांच्या पुढे धावताना. आरंभी तुरळक आणि मग झऱ्यासारखे ग्राहक येऊ लागले. पुण्याहून, बडोद्याहून, सातासमुद्रांपलीकडून लोक गीते विकत घेत होते आणि वर लिहीत होते, 'ती शिट्टी माझ्या भावाची', 'दुसऱ्या कडव्यानंतर रडणारं बाळ म्हणजे मीच'. पुष्कळांचा अंदाज चुकीचाही असेल. परंतु त्या गर्दीत आपले माणूस आहे, ही श्रद्धा मात्र प्रत्येकाची खरी होती.

भोगीच्या सकाळी प्रमोदिनीबाई मोबाइल घेऊन स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. "हे कसं घ्यायचं, दाखव बरं. दोन पाहिजेत. एक मुलीसाठी."

"मावशी, एकच घेतलं तरी तिला पाठवता येईल."

"छे! तिचं तिचं वेगळं. त्यात तिचे बाबा आहेत."

त्यांनी गीत तिथेच लावले. ध्रुवपदाच्या अंती आबांचा हात नकळत पुढे आला आणि थांबला. मोबाइलमधून मंडप गाऊ लागला. ओळ संपली तरी आबांचा हात तसाच होता. मग त्यांनी डोळे पुसले, कंपनीला दूरध्वनी लावला आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "क्षमा असावी. आमची गाणी आमच्या माणसांनी घरी नेली."

दुपारी आभाळ स्वच्छ झाले. सज्ज्यात कोवळे ऊन उतरले होते. संबोधी कठड्याला टेकून उभा होता.

"काम तर संपलं," तो म्हणाला.

"हो… संपलं."

मधुरिमाच्या उरात एक भय आता राहिले होते, तेच सर्वांत जुने. महूचे घर आणि दरबारी घराणे यांच्यामधले जातीचे अंतर आगगाडीच्या रुळांनी मोजता येत नाही, हे तिला कळत होते. आबांपुढे हा विषय काढायचा तरी कसा?

"मी कारणाशिवाय कुणाच्या घरी जात नाही," संबोधी सांगत होता. "आता इथे यायला कारण उरलं नाही. म्हणून सकाळी बाबूरावजींना विचारलं…"

"काय विचारलं?"

"तुम्हाला विचारू का, असं."

"आणि… आबा काय म्हणाले?"

"म्हणाले, मूर्खा, आधी तिला विचारायचं, मग मला. उलट्या क्रमाने आलास."

मधुरिमाने तोंडावर हात ठेवला. पण हसू बोटांतून निसटलेच. "मग विचारा ना."

"विचारतो. म्हणजे… असं आहे की… तुम्ही जर—"

"हो."

"अहो, अजून विचारलंय कुठे मी!"

"तुम्हाला विचारायला होळी उजाडेल. माझा हो आत्ताच घेऊन ठेवा."

त्याने तळहात पुढे केला. त्यावर तिने आपला रंगाने माखलेला हात ठेवला आणि दोघेही उगाचच रस्त्याकडे पाहू लागले.

आतून आबांचा खणखणीत आवाज आला, "झालं असेल तर चहा प्यायला या! आणि संबोधी, तुझ्या आईला फोन लाव. म्हणावं, रविवारी आम्ही दोघं महूला येतोय."

मधुरिमाने डोळे मिटून एक दीर्घ श्वास सोडला. किती दिवसांचा कोंडला होता, कोण जाणे. मग संबोधीचा हात तसाच धरून ती आत गेली.