एक पूर्ण मिनिट

"लाव ना तिला आठवणीच्या औषधाची पट्टी! कशाची वाट बघतेस?" नणंद कडाडली, पण सुनेची बोटं सासूबाईंच्या मनगटावरून हलली नाहीत. घड्याळाचा काटा फिरत होता... एक पूर्ण मिनिट! नाडीचे ठोके भरले चव्वेचाळीस. इतकी मंद नाडी आजवर कधीच लागली नव्हती.

"आज औषध नाही, ताई."

"वा! चार दिवस माझ्याकडे होती तर सगळं वेळेवर केलं मी, आणि या घराचा उंबरा ओलांडला की हिचे नियम सुरू! दुपारी घेऊन जाते मी आईला. कायमची!"

कायमची... सुनेच्या काळजात चर्र झालं. रुग्णालयातली नर्सची नोकरी जिच्यासाठी सोडली, जिला तीन वर्षं विस्मृतीच्या या निर्दय आजारात लेकरासारखं जपलं, ती माउलीच हिरावून नेणार? पण रडायला वेळ कुठे होता! नाव विचारायचं, नाडी मोजायची, जुनी पट्टी काढायची आणि मगच नवी लावायची, हा तिचा रोजचा क्रम. नणंदेने कितीही नाकं मुरडली तरी तो मोडणारी ती नव्हतीच. तिने सासूबाईंचा गाऊन पाठीवरून हळूच वर सरकवला.

चार पट्ट्या! चार दिवसांच्या चार, एकीशेजारी एक; चौपट औषध अंगात भिनत होतं.

नणंद पांढरीफटक पडली. "काढायच्या असतात? मला वाटलं, राहू देत... तेवढीच आई जरा जास्त ओळखेल मला..."

सुनेने भराभर पट्ट्या काढल्या, पाठ धुतली, डॉक्टरांना फोन लावला आणि अर्ध्या तासात तिघी रुग्णालयात पोचल्या.

"जुनी पट्टी काढायची हे कुणी सांगितलं नव्हतं का?" डॉक्टरांनी दरडावून विचारलं.

"माझंच सांगायचं राहिलं," सून म्हणाली. एका नर्सने असं कबूल करायचं म्हणजे आपल्या हाताने आपलीच अब्रू घालवायची! पण मान खाली घालून उभी असलेली ती लेक तिला पाहवेना.

"खोटं बोलतेय ही!" नणंदेला हुंदका फुटला. तिने पर्समधून घडीही न मोडलेला कागद काढला. "सगळं लिहून दिलं होतं हिने. मीच वाचलं नाही... म्हटलं, माझ्या आईचं काय करायचं ते सांगणारी ही कोण!"

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या, डॉक्टरांनी औषधही पुन्हा सुरू केलं. नणंद भल्या सकाळी हजर झाली, तीही आईला न्यायची बॅग न घेता. सून खुर्ची ओढून बसली. सासूबाईंना दोघींपैकी एकीचंही नाव आठवत नव्हतं, पण मनगट मात्र आपणहून पुढे आलं.

"अगं, तुझे उपकार मी कोणत्या शब्दांत..." नणंद पुढे वाकली.

"शूः!" सासूबाईंनी डोळे वटारले. "ती मोजतेय ना! मध्ये बोलू नये."

गालावर ओघळलेलं पाणीही न पुसता नणंद एक पूर्ण मिनिट गप्प बसली.

"अडुसष्ट," सून हसून म्हणाली.

"मग..." नणंदेने भीतभीत विचारलं, "कालची पट्टी मी काढू?"